गैरहजर आचारी

१

सोमवारी सकाळी पावणेनऊला मी माझा लिंबाच्या वड्यांचा ट्रे उघडला, आतला लिफाफा बाहेर काढून पाहिला. लिफाफ्यात लीलंड टॉलेफसनचं मेन्यूकार्ड नव्हतं. त्याच्या जागी शुक्रवारच्या पंगतीत ताटाखाली घालतात ती कागदी मॅट होती. माशाचं चित्र छापलेली, बरोबर कार्डाच्या आकाराची घडी घातलेली.

सरकारी कचेरीतली बाई पुराव्याचा कागद वड्यांच्या ट्रेमध्ये का ठेवते, असं तुम्ही विचाराल. ऑगस्टानेही हेच विचारलं, फक्त तिने जरा कमी सभ्य शब्दांत विचारलं.

ऑगस्टा वेंडलंड ही आमच्या जिल्ह्यात माजी सैनिकांची कामं बघणारी अधिकारी. कोर्टाच्या इमारतीच्या तळघरात आमची कचेरी आहे, दोन टेबलं आणि एक रुसकं कॉपी मशीन. मी मर्ना, एकोणीस वर्षं तिची कारकून. ऑगस्टाने बावीस वर्षं लष्करात दाताच्या डॉक्टरच्या हाताखाली काढली. त्यामुळे माणूस बोलायला लागला की ती त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, जबड्याकडे बघते. खोटं बोलताना डोळे कुणालाही सांभाळता येतात, जबडा सांभाळता येत नाही, असं ती म्हणते.

"मर्ना, सुनावणी गुरुवारी आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"कार्डाची कॉपी?"

"वरच्या पानाची आणि आतल्या पानाची काढली. मग मशीनची शाई संपली."

"आणि मागचं पान?"

तेच राहिलं होतं. सगळा जीव त्या मागच्या पानातच होता.

लीलंड व्हिएतनाममध्ये लष्करी आचारी होता. एकोणसत्तर सालच्या नोव्हेंबरात तो चौतीस दिवस कंपनीतून न सांगता गायब झाला, असा त्याच्यावर ठपका आला. तो म्हणतो की मेसच्या सार्जंटने त्याला तोंडी हुकूम देऊन तीस मैलांवरच्या तोफखान्याच्या तुकडीला उसना दिला होता, कारण त्यांचा एक आचारी तापाने पडला होता. पण सार्जंट मध्येच वारला, लेखी हुकूम नव्हता, आणि कप्तानाने सांगितलं की सही कर आणि घरी जा, नाहीतर कोर्टाला सामोरा जा. वीस वर्षांच्या पोराने सही केली. कागदावर शेरा पडला, 'अवांछित'. तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षं लीलंड आमच्या गावात सगळ्यांचा लाडका आहे आणि माजी सैनिक मात्र नाही.

आता त्याला तो शेरा बदलून हवा होता, आणि तो स्वतःसाठी नव्हे. त्याची बायको आर्डिस हळूहळू सगळं विसरत चालली आहे. तळ्याकाठच्या माजी सैनिकांच्या निवासात नवरा-बायकोला एकत्र खोली मिळते, पण नवऱ्याचा शेरा चांगला असेल तरच. नाहीतर आर्डिसला नव्वद मैलांवरच्या एका केंद्रात एकटीने राहावं लागणार होतं. निवासाच्या व्यवस्थापकाने वर्षअखेरपर्यंत एक खोली राखून ठेवली होती. त्यापुढे त्याचा इलाज नव्हता.

"शुक्रवारी त्या टेबलाशी कोणकोण होतं?" ऑगस्टाने विचारलं.

"तूही होतीस की."

"मग माझ्यापासूनच सुरुवात कर."

२

शुक्रवारी चार वाजता लीलंडची मुलगी जोलीन धावतच कचेरीत आली होती. आईच्या पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात तिला ते कार्ड सापडलं होतं. खाण्याशी संबंधित कागद म्हणून आर्डिसने कधीतरी ते तिथेच ठेवलेलं.

लष्करात नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाचं कार्ड छापतात. टर्कीपासून भोपळ्याच्या पाय ह्या गोड पदार्थापर्यंत सगळं आणि शेवटी त्या तुकडीच्या आचाऱ्यांची नावं. हे कार्ड त्या तोफखान्याचं होतं आणि तिसरं नाव होतं लीलंड टॉलेफसन. म्हणजे ज्या दिवशी तो कागदोपत्री पळालेला होता, त्या दिवशी तो दुसऱ्या टेकडीवर टर्की भाजत होता! मला तर नाचावंसं वाटलं.

ऑगस्टा त्या दिवशी निवासाच्या व्यवस्थापकाला मनवायला गेली होती आणि परस्पर पंगतीला येणार होती. म्हणून मी कार्ड तिथेच नेलं. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी माजी सैनिक संघाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची पंगत असते. मासे तळतो लीलंड, गेली सव्वीस वर्षं. संघाचा तो सभासद होऊ शकत नाही, पण संघाच्या स्वयंपाकघराचा राजा तोच. तिथे मिठाच्या बरणीवरसुद्धा त्याने चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहिलेली असते.

आमच्या टेबलाशी मी, ऑगस्टा, जोलीन, संघाचा अध्यक्ष गॉर्डन रीट्झ आणि क्लॅरन्स कुबियाक. क्लॅरन्स हा लीलंडचा जिवलग. दोघं एकाच शाळेत, व्हिएतनाममध्येही एकाच कंपनीत. आर्डिसला डॉक्टरकडे न्यायचं तर गाडी क्लॅरन्सचीच. बर्फ पडला की लीलंडचं अंगण आधी, स्वतःचं नंतर.

कार्ड हातोहात फिरलं. रीट्झ चष्मा सावरून म्हणाला, "छापील नावाने काही सिद्ध होत नाही बरं का. हे आठ-दहा दिवस आधी छापतात. शेरे बदलणारं लष्कराचं मंडळ हेच म्हणेल."

जोलीनचा चेहरा पडला.

"पण मागे बघा," तोच पुढे म्हणाला. "जेवताना पोरांनी एकमेकांच्या कार्डावर सह्या केल्यात. कुणी आचाऱ्याला दोन शब्दही लिहिलेत, खाली तारीख घातलीय. हे त्याच दिवशीचं. ह्यातला एक जरी माणूस जिवंत सापडला तर बाजी मारली!"

फिकट पेन्सिलीतली एकेक नावं लावत बसायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. जोलीन बापाला सांगायला स्वयंपाकघरात पळाली. तेवढ्यात कुणाच्या तरी कोपराने टार्टर सॉसची वाटी कलंडली. मी कार्ड लिफाफ्यात घातलं, लिफाफा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी माझ्या रिकाम्या ट्रेमध्ये, वर झाकण. ट्रे नेला आणि सगळ्या बायका आपापली भांडी ठेवतात तिथे, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराजवळ ठेवला. घरी जाताना उचलला. शनिवार-रविवार तो माझ्या गाडीत पडून होता.

"ट्रे गाडीतून कुणी काढला असेल?" ऑगस्टाने विचारलं.

"माझ्या गाडीचं दार उघडायला दोन माणसं आणि शिव्या लागतात."

"म्हणजे काम तिथेच झालं, आणि ते त्या टेबलावरच्याच कुणाचं तरी." तिने लीलंडची फाईल काखेत मारली. "कोट घाल."

३

रीट्झवर माझा पहिला संशय होता, आणि तो मी लपवलाही नाही. लीलंडच्या सभासदत्वाचा विषय निघाला की हाच माणूस नियमावली उघडून बसतो. तो हॉलच्या बाहेर झेंड्याची दोरी बदलत होता.

"मी?" तो खवळला. "मर्ना, अगं, मागच्या सह्या दाखवल्या कुणी? मीच ना? कार्ड मला गिळायचं असतं तर तोंड कशाला उघडलं असतं?"

ऑगस्टाने मान डोलावली. त्याचा जबडा अगदी सैल होता, असं तिने मला नंतर सांगितलं.

"नियम नियमाच्या जागी," रीट्झ जरा खालच्या आवाजात म्हणाला. "पण सव्वीस वर्षं त्या माणसाच्या हातचे मासे खातोय मी. दर वेळी नको म्हणताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे कुणाला दिसतं?"

"कार्ड फिरत असताना काही वेगळं दिसलं का तुला?"

त्याने दोरीला गाठ मारली. "एकच. क्लॅरन्सने कार्ड उलटं करून पाहिलं आणि तो उठून गेला. बशीतला गोड पाय तसाच ठेवून. क्लॅरन्स कुबियाकने सफरचंदाचा पाय टाकून दिलेला ह्या गावात कुणी पाहिलाय का?"

आम्ही कुणीच पाहिला नव्हता.

जोलीन प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात भेटली. कार्ड गेल्याचं ऐकून ती मटकन खाली बसली. छोट्या खुर्चीत ती रडताना बघून मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

"तुम्ही बाबांना सांगितलंत?" तिने विचारलं.

"अजून नाही. शुक्रवारी तू त्याला सांगितलंस तेव्हा तो काय म्हणाला?" ऑगस्टाने विचारलं.

"काहीच नाही. मला वाटलं, मिठी मारतील. मी म्हटलं, बाबा, कार्ड सापडलं, सह्यांसकट, मर्नाताईंनी त्यांच्या ट्रेमध्ये जपून ठेवलंय. तर माझ्याकडे एकदा बघितलं, म्हणाले 'तेल तापलंय', आणि पाठ फिरवली."

"तेव्हा स्वयंपाकघरात आणखी कोण होतं?"

"क्लॅरन्सकाका मागून आले. भांडी पुसायला."

बाहेर येताच मी ऑगस्टाचा दंड धरला. "क्लॅरन्स! पण का? तो तर लीलंडसाठी जीव टाकतो."

"म्हणूनच भीती वाटतेय," ऑगस्टा म्हणाली.

४

क्लॅरन्स त्याच्या गॅरेजमध्ये लाकडाचं बदक कोरत बसला होता. बदकांच्या शिकारीचे दिवस होते, पण तो बंदूक हातात धरत नाही, नुसती लाकडी बदकं करतो आणि इतरांना देतो.

"क्लॅरन्स, व्हिएतनाममध्ये तू काय काम करायचास?" ऑगस्टाने सरळ विचारलं.

"ट्रक चालवायचो. सगळ्या गावाला माहीत आहे."

"कार्डाच्या मागे काय दिसलं तुला?"

"पोरांच्या सह्या. जुनी आठवण आली, उठलो." त्याचा चाकू थांबला होता. माझ्यासारख्या अडाणी बाईलासुद्धा त्याच्या गालाचा स्नायू उडताना दिसला.

"कार्ड तू घेतलंस?"

त्याने चाकू बाजूला ठेवला. मग म्हणाला, "नाही. घ्यायला गेलो होतो. ट्रे उघडला, लिफाफा उघडला. आत मॅट होती."

"आणि कार्ड मिळालं असतं तर?"

"ते मलाच ठाऊक नाही, ऑगस्टा. अठ्ठेचाळीस वर्षं झाली, मला ते ठाऊक नाही." त्याने गॅरेजचं दार आमच्या तोंडावर खाली ओढलं. जोरात नाही, अगदी हळू, आणि तेच मला जास्त लागलं.

५

आमच्याकडे लष्करातून परतलेला माणूस आपला सेवामुक्तीचा कागद कोर्टाच्या वरच्या मजल्यावर नोंदवून ठेवतो. घर जळलं तरी कागद राहतो. लीलंडने अर्थातच कधी नोंदवला नाही. क्लॅरन्सने सत्तर सालच्या जानेवारीत नोंदवला होता. ऑगस्टाने रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवलं.

काम: कंपनीचा कारकून.

"ट्रक?" मी म्हटलं.

"ट्रक कसला? टाइपरायटर." तिने लीलंडची फाईल शेजारी उघडली. त्यात कप्तानाचं पत्र होतं, शिपाई टॉलेफसन गैरहजर असल्याचं कळवणारं. "मर्ना, तू कारकून आहेस. पत्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात काय असतं?"

माझे कान तापले. पत्र सांगणाऱ्याची मोठी आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग टाइप करणाऱ्याची छोटी. टायपिंगच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात. हे पत्र मी शंभर वेळा हाताळलं होतं आणि त्या कोपऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तिरक्या रेघेनंतर छोट्या अक्षरांत होतं: सी. के.

"आपल्या मित्राला पळपुटा ठरवणारं पत्र त्यानेच टाइप केलं," मी म्हटलं. "आणि कार्डावर सही असणार त्याची! म्हणजे लीलंड कुठे आहे हे त्याला माहीत होतं. ऑगस्टा, चोर तोच. मॅटची गोष्ट थाप आहे."

"थाप असती तर ट्रे उघडल्याचं त्याने कशाला सांगितलं असतं?" ती उठली. "तुझा ट्रे कुठाय?"

मी तो टेबलाखालून काढून दिला. तिने वळवून वळवून पाहिला. "ह्यात शुक्रवारी वड्या होत्या ना? मग हा इतका लख्ख कसा?"

मी पाहिलं आणि चाट पडले. सोमवारच्या धक्क्यात माझं लक्षच नव्हतं. त्या ट्रेच्या एका कोपऱ्यात करपल्याचा काळा डाग होता, माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसापासून. मी घासला, सासूने घासला, गेला नाही. आता तिथे माझी हनुवटी दिसत होती, दोन्ही वळ्यांसकट.

"जोलीनने धुतला असेल," मी म्हटलं.

"उलटा कर."

आमच्याकडे प्रत्येक बाई भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिते, म्हणजे पंगतीनंतर अदलाबदल होत नाही. माझी पट्टी जुनाट, पिवळी होती. आता तिथे नवीकोरी होती. पाण्याने जुनी सुटली असणार. कडा कात्रीने सरळ कापलेल्या, आणि वर ठळक अक्षरांत: 'मर्ना. २० ऑक्टोबर.'

"भांड्यावर नाव सगळेच लिहितात," ऑगस्टा म्हणाली. "तारीख कोण लिहितं?"

मला उत्तर माहीत होतं. मिठाच्या बरणीवरची ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती.

"लष्कराच्या कोठीत तारखेशिवाय काही ठेवलं की आचाऱ्याची चामडी सोलतात," ती म्हणाली. "तो कागद काढायला आला, मर्ना. पण आत चिकट, कडा करपलेल्या. तसाच झाकण लावून ठेवणं त्याला जमलं नाही बिचाऱ्याला."

६

बुधवारी दुपारी लीलंड संघाच्या स्वयंपाकघरात कोबी चिरत होता. आर्डिस खिडकीपाशी बसून नॅपकिनांच्या घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. तिने आम्हाला पाहून गोड हसून विचारलं, "तुम्ही जेवायला आलात का? आचारी चांगला आहे इथला."

"लीलंड, माझा ट्रे फार सुंदर घासलास," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

त्याची सुरी थांबली. "व्हिनेगर आणि सोडा," तो म्हणाला. "रात्रभर ठेवायला हवं होतं खरं तर." मग त्याला कळलं, आणि हा एवढा धिप्पाड माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली बघायला लागला.

"जाळलंस का?" ऑगस्टाने विचारलं.

"गॅसपाशी नेलं होतं. नाही जमलं. त्या दिवशी तीनशे माणसं जेवली होती माझ्या हातचं. दोन भट्ट्या आणि आम्ही तिघं."

"मग कुठाय?"

त्याची नजर फ्रीझरकडे गेली. ऑगस्टाने फ्रीझर उघडला. मासे, वाटाणे, पावाचं पीठ, प्रत्येकावर नाव आणि तारीख. तळाशी एक चपटं पुडकं होतं: 'लिव्हर. २० ऑक्टोबर.'

"ह्या गावात लिव्हर कोण खातं?" ती म्हणाली.

"कुणीच नाही. म्हणून तर लिहिलं."

ऑगस्टाने पुडकं सोडलं. कार्ड गारठलेलं, पण धड होतं. तिने ते उलटं केलं. अकरा सह्या. सातवी, सुबक कारकुनी अक्षरात: 'पाय दोनदा खाल्ला. क्लॅरन्स.'

"उद्या सुनावणी आहे, लीलंड. आर्डिसचं काय?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुला कळतंय का तू काय करतोयस?"

"कळतंय." त्याने आर्डिसकडे पाहिलं. "शुक्रवारपासून झोपलो नाही मी. मंडळासमोर मी माझ्या तोंडाने सांगेन. खरं आहे ते पटेल कदाचित."

"एकोणऐंशी साली अर्ज केलास तेव्हा पटलं नव्हतं."

"मर्ना, ज्या हिवाळ्यात मी तिथे कोठडीत होतो ना, तेव्हा माझी आई इथे गेली. शेवटचे सात आठवडे तिच्या उशाशी कोण बसलं होतं? तिला सूप कोण भरवत होतं? क्लॅरन्स. माझी ट्रंक समुद्रामार्गे आली तेव्हा जून उजाडला होता. ह्या कार्डामागच्या सह्या तेव्हा पहिल्यांदा वाचल्या मी. त्याच संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात आईचा स्टोव्ह दुरुस्त करत बसला होता. काय करायचं होतं मी? दाखवायचं होतं त्याला?" त्याने चिरलेला कोबी बाजूला सारला. "आजही गावातल्या प्रत्येक सैनिकाच्या अंत्ययात्रेत झेंडा तोच धरतो. तो त्याच्या हातातून काढून घेऊ?"

"ते तू मला का नाही विचारलंस?"

मागच्या दारात क्लॅरन्स उभा होता. ऑगस्टाने त्याला तीन वाजता बोलावलं होतं, हे तिने मलाही सांगितलं नव्हतं.

७

"तुला माहीत होतं?" क्लॅरन्स म्हणाला. "एवढी वर्षं?"

"गाढवा, सही केलीस तू त्याच्यावर," लीलंड म्हणाला. "वर पाय दोनदा खाल्ल्याचंही लिहिलंस."

क्लॅरन्स हसला नाही. त्याने टोपी काढली आणि आमच्यापैकी कुणाकडेही न बघता सांगायला लागला.

"मेसच्या सार्जंटने मला जाता जाता सांगितलं होतं, टॉलेफसनला तोफखान्याकडे पाठवतोय, लिहून ठेव. मी विसरलो. बस, एवढंच. विसरलो. दुसऱ्या दिवशी हजेरीत लीलंड नाही, कप्तानाने पत्र सांगितलं, मी टाइप केलं. मग आठवलं, पण तोवर सार्जंट गेला होता. थँक्सगिव्हिंगला टपालाची पोती घेऊन हेलिकॉप्टरने त्या टेकडीवर गेलो, तर हा तिथे टर्की कापतोय. मनात म्हटलं, आज परत जाऊन दुरुस्ती टाकायची. पण कप्तानाने त्या महिन्यात चार दुरुस्त्यांवर सह्या केल्या होत्या. पाचवी आणलीस तर टाइपरायटर काढून हातात रायफल देऊन जंगलात पाठवीन, म्हणाला होता. मी वीस वर्षांचा होतो. घाबरलो."

"मग रोजच्या अहवालात काय लिहीत होतास?" ऑगस्टाने विचारलं.

"काहीच नाही! तेच तर आहे. सकाळच्या अहवालात फक्त बदल लिहितात. कोण आला, कोण गेला, कोण आजारी. बदल नसेल तर लिहायचं नाही. मला रोज खोटं लिहावं लागलंच नाही, ऑगस्टा. मी फक्त गप्प बसलो. पाच दिवसांनी माझी मुदत संपली. वाटलं, हा परत येईल, सांगेल, मिटेल. घरी आलो आणि मार्चमध्ये कळलं, काय झालं ते." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग गप्प बसायची सवय लागली."

 आर्डिसने एक नॅपकीन नेऊन क्लॅरन्सच्या हातात दिला, बहुधा पुसायला, बहुधा तसाच.

"मंडळासमोर हे सांगशील?" ऑगस्टाने विचारलं.

"नको," लीलंड म्हणाला.

"तू गप्प बस!" क्लॅरन्स एवढ्या मोठ्याने ओरडला की टांगलेल्या कढया वाजल्या. "सव्वीस वर्षं मागच्या दाराने येतोस इथे. माझ्यामुळे. आर्डिसला नव्वद मैलांवर एकटं ठेवून तू मला सांभाळणार? आणि मी रोज आरशात बघायचं? लेका, मला त्या झेंड्याची काय पडलीय? मला तू हवायस."

लीलंडने सुरी ठेवली. मग दोघांनी मिठी मारली, दोन म्हातारे, मध्ये अर्धा कोबी. मी नाक शिंकरत बाहेर गेले.

८

गुरुवारी आमच्या तळघरात, संगणकाच्या पडद्यावर मंडळाचे पाच चेहरे होते. ऑगस्टाने कार्ड दाखवलं, दोन्ही बाजू. मग क्लॅरन्स उभा राहिला. बसून बोललात तरी चालेल, असं त्यांनी दोनदा सांगितलं, तरी तो उभाच राहिला. शेवटी पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "मिस्टर कुबियाक, अठ्ठेचाळीस वर्षांनी आज हे सांगायचं कारण?"

"कारण ह्याने ते लपवलं, बाई," तो म्हणाला. "माझ्यासाठी. मी ह्याच्यासाठी एक ओळ टाइप केली नाही."

पुढच्या शुक्रवारी क्लॅरन्सने संघाचा झेंडा आणून रीट्झपुढे ठेवला. रीट्झने नियमावली काढली, बराच वेळ पानं उलटली, आणि म्हणाला, "विसरण्याविषयी ह्यात काही कलम नाही. घेऊन जा तो, आणि दोरी नीट बांध."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. जुना शेरा रद्द. नव्या कागदावर दोनच शब्द: सन्मानपूर्वक सेवामुक्त. लीलंडने तो माझ्या टेबलापाशी उभा राहून वाचला आणि मला परत दिला. "तू वाच," म्हणाला. मी वाचला. "पुन्हा," म्हणाला. मी पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा मात्र मलाच अक्षरं दिसेनात, तेव्हा ऑगस्टाने वाचला.

वर्ष संपायला चार दिवस असताना क्लॅरन्सच्या गाडीतून आम्ही त्यांना तळ्याकाठच्या निवासावर पोचवलं. आर्डिसचा दिवस बरा नव्हता. वाटेत तिने जोलीनला तीनदा नाव विचारलं. रिसेप्शनवरच्या तरुण मुलीने फॉर्म पुढे ओढला आणि पेन काढत विचारलं, "तुमच्यापैकी माजी सैनिक कोण?"

लीलंडने मागे वळून पाहिलं, दारात कोण उभं आहे ते. अठ्ठेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. मागे क्लॅरन्स होता, दोन्ही हातांत बॅगा घेऊन, आणि तो तोंड मिटून होता.

आर्डिसने लीलंडच्या कोटाची बाही धरली.

"हा," ती त्या मुलीला म्हणाली. "आणि मी ह्याच्याबरोबर आहे."